जुनी टॉकीज पाडायला निघाले तर थांबवता येतं का? मुंबई, पुणे आणि अमेरिकेतल्या थिएटरांचं काय झालं, वाचा

गेल्या आठवड्यात तालुक्याच्या बाजारपेठेतल्या जुन्या टॉकीजच्या आवारात जेसीबी येऊन उभा राहिला आणि दुपारपर्यंत त्याचा फोटो सगळ्या गावांच्या ग्रुपवर फिरला. कोणी रडक्या तोंडाची चित्रं टाकली, कोणी लिहिलं "हेरिटेज जाहीर करा", कोणी लिहिलं "सरकारनं ताब्यात घ्यावी". मलाही सात-आठ फोन आले. पत्रकार, काहीतरी लिहा, थांबवा हे.

कांदा काढणीला माणसं लावून मी तसाच गाडीवर गेलो. जेसीबी मागच्या भिंतीचा ढासळलेला राडारोडा उचलायला आला होता. टॉकीज अजून उभी आहे. पण अफवा अगदीच खोटी नाही. मालकांच्या थोरल्या मुलाशी बोलणं झालं. जागा विकायचा विचार चालू आहे, खाली गाळे आणि वर फ्लॅट असा एकाचा प्रस्ताव आलाय, दिवाळीपर्यंत काही ठरवणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, दादा, लोकांना फार वाईट वाटतंय. त्यावर ते म्हणाले, "वाईट वाटतंय खरं, पण गेल्या दहा वर्षांत त्यांनी किती तिकिटं काढली? तुम्ही किती काढली?"

मी गप्प बसलो. माझं शेवटचं तिकीट २०१६ चं, सैराटचं.

तरीही प्रश्न उरतोच. अशी जुनी टॉकीज वाचवता येते का? कायदा काय सांगतो? आणि दुसरीकडे लोकांनी काय केलं? चार-पाच दिवस वाचून, फोनाफोनी करून जे समजलं ते इथं मांडतोय.

आधी कायद्याचं बघू

बऱ्याच जणांचा समज असा की इमारत जुनी झाली की ती आपोआप हेरिटेज होते. तसं अजिबात नाही. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात संरक्षित स्मारक व्हायला वास्तू किमान शंभर वर्षांची लागते, आणि तीही सरकारनं तसं जाहीर केलं तरच. किल्ले, लेणी, मंदिरं यासाठीचा तो कायदा आहे. बाजारपेठेतली टॉकीज त्यात बसणं अवघडच.

दुसरा रस्ता नगररचनेचा. मुंबईत १९९५ साली वारसा इमारतींसाठी स्वतंत्र नियम आले. असे नियम करणारं ते देशातलं पहिलं शहर. त्यात इमारतींची यादी होते आणि प्रत्येकीला श्रेणी मिळते. पहिल्या श्रेणीच्या इमारतीला जवळजवळ हात लावता येत नाही. दुसऱ्या श्रेणीत आतून काही बदल परवानगीनं करता येतात. तिसऱ्या श्रेणीत बरीच सूट असते. यादीतली इमारत पाडायची किंवा बदलायची तर वारसा समितीकडे जावं लागतं. मुंबई सोडून बाकी राज्यासाठी २०२० मध्ये जी एकत्रित बांधकाम नियमावली आली, तिच्यातही वारसा इमारतींची तरतूद आहे. म्हणजे नगरपालिका, नगरपंचायतीलाही यादी करायचा मार्ग मोकळा आहे. यादी करायची, लोकांच्या हरकती-सूचना मागवायच्या आणि मग ती मंजूर करून घ्यायची.

आता आपल्याकडची अडचण. ही यादी करायची कोणी? शहरात वास्तुविशारद असतात, इतिहासाची मंडळी असतात, ते मागे लागतात. आपल्याकडे नगरपंचायतीत पाण्याची लाईन आणि गटार यातूनच सवड मिळत नाही. यादीत नाव नसेल तर खासगी मालकाची इमारत म्हणजे त्याची मालमत्ता. रीतसर परवानगी घेऊन तो ती पाडू शकतो. ग्रुपवर शंभर जणांनी निषेध लिहिला तरी त्याला कायद्यात किंमत नाही.

मालकाच्या बाजूनंही बघायला पाहिजे. यादीत नाव गेलं की त्याच्या जागेचा भाव पडतो, कारण वर मजले चढवता येत नाहीत. त्याची भरपाई म्हणून शहरात टीडीआर देतात. म्हणजे इथं बांधायचं राहिलेलं क्षेत्र कागदावर मिळतं आणि ते बिल्डरला विकता येतं, तो दुसऱ्या जागी वापरतो. मुंबई-पुण्यात त्याला गिऱ्हाईक आहे. आपल्या तालुक्यात तो कागद कोण विकत घेणार? हेरिटेज करा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. फुकटात दुसऱ्याची जमीन अडकवून ठेवणं आपल्याला आपल्या शेताबाबत चाललं असतं का?

पुण्याचं आर्यन आणि प्रभात

पुण्यात मंडईजवळ आर्यन नावाचं थिएटर होतं. १९१५ साली सुरू झालेलं, पुण्यातलं पहिलं कायमचं सिनेमागृह. त्याआधी सिनेमा तंबूत दाखवायचे, आपल्याकडे जत्रेत दाखवायचे तसेच. हे आर्यन १९८३ मध्ये पाडलं. आज तिथं मंडईचं वाहनतळ आहे. भाजी घ्यायला येणारे तिथं गाडी लावतात आणि जातात. नवीन पोराला विचारलं तर त्याला तिथं थिएटर होतं हे माहीतही नसतं.

त्याच पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळचं प्रभात मात्र राहिलं. १९३४ साली किबे कुटुंबानं बांधलं, तेव्हाचं नाव किबे लक्ष्मी थिएटर. ते भाड्यानं प्रभातवाल्यांकडे गेलं आणि ऐंशी वर्षं प्रभात म्हणूनच चाललं. मराठी पिक्चर बघायचा म्हणजे प्रभातला, असं पुण्यात समीकरण होतं. २०१४ च्या शेवटी करार संपला आणि जागा किबे कुटुंबाकडे परत गेली. तेव्हाही लोकांना वाटलं की संपलं आता, इथं मॉल होणार. पण त्यांनी डागडुजी केली आणि जुन्या मूळ नावानं थिएटर पुन्हा चालू केलं. यात ना मोर्चा होता, ना सरकारी आदेश. मालकाला वाटलं म्हणून राहिलं. माझ्या मते या सगळ्या विषयात सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि ती कुठल्या नियमात लिहिलेली नसते.

मुंबईत काय झालं

मुंबईत चर्चगेट स्टेशनच्या समोर इरॉस आहे. कामाला मुंबईला गेलेल्या प्रत्येकानं ती इमारत बघितली असेल, लाल आणि बदामी रंगाची, कोपऱ्यावर गोल वळण आणि वर निमुळता मनोरा. १९३८ साली सुरू झालेलं हे थिएटर, बाराशे खुर्च्यांचं. त्याच सुमाराला मुंबईत रीगल (१९३३), मेट्रो (१९३८) आणि नंतर लिबर्टी (१९४९) झाली. इरॉस आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. म्हणजे कागदावर याच्यापेक्षा मोठं संरक्षण नाही.

तरीही इरॉस कित्येक वर्षं बंद पडून होतं. २०२३ मध्ये तिथं पालं बांधलेली आणि राडारोडा पडलेला फोटो फिरला आणि सगळ्या मुंबईत बोंब झाली की इरॉस पाडतायत. आपल्या जेसीबीसारखंच. नंतर कळलं की बाहेरचा भाग तसाच ठेवून आतलं काम चाललंय. फेब्रुवारी २०२४ ला ते परत उघडलं, पण आतलं जुनं एक मोठं थिएटर राहिलं नाही. आता तिथं साधारण तीनशे खुर्च्यांचा आयमॅक्स पडदा आहे आणि बाकी जागा दुकानांना गेली.

याला वाचवणं म्हणायचं का? मुंबईतल्या जुन्या प्रेक्षकांत यावर दोन मतं आहेत. बाराशे माणसं एका छताखाली एका वेळी हसायची, ती गोष्ट गेली हे खरं. पण बाराशे खुर्च्या रोज भरणार नाहीत हेही खरं. मला विचाराल तर बंद दारापेक्षा तीनशे खुर्च्या बऱ्या. मेट्रोचंही तसंच झालं, २००६ मध्ये आत अनेक पडदे झाले, बाहेरचं रूप राहिलं.

गिरगावातल्या ऑपेरा हाऊसची गोष्ट जास्त नवलाची आहे. १९११ साली इंग्लंडच्या राजानं, पाचव्या जॉर्जनं, त्याचं उद्घाटन केलं, तेव्हा बांधकामही पुरं झालेलं नव्हतं. आधी नाटकं आणि गाणं, तिथं बालगंधर्व गायले, पृथ्वीराज कपूर यांची नाटकं झाली. पुढं ते सिनेमाचं थिएटर झालं. १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी विकत घेतलं. मग व्हिडिओ आला, टीव्ही आला, गल्ला बसला आणि १९९३ मध्ये दार बंद. तेवीस वर्षं बंद. एवढ्या मोक्याच्या जागेवर तेवीस वर्षं! गोंडल घराण्यानं ती जागा विकली नाही. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडून दुरुस्ती करून घेतली आणि २०१६ मध्ये परत उघडलं. रंगांचे थर खरवडून मूळ रंग शोधला, बंद केलेले बॉक्स परत उघडले. पुढच्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार मिळाला.

मालक राजघराणं होतं म्हणून जमलं, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून मी मुद्दाम एक उदाहरण असं शोधलं जिथं मालक विकायला तयार होता, घेणारी मोठी कंपनी होती, आणि तरीही थिएटर वाचलं. ते आहे अमेरिकेत.

अटलांटाचं फॉक्स: लोकांनी विकत घेतलेलं थिएटर

अमेरिकेत १९२० च्या दशकात सिनेमासाठी राजवाड्यासारखी थिएटरं बांधली. त्यांना तिकडं "मूव्ही पॅलेस" म्हणजे सिनेमाचे महालच म्हणायचे. न्यूयॉर्कचं रॉक्सी १९२७ चं, जवळजवळ सहा हजार खुर्च्या. आपल्या तालुक्यातल्या मोठ्या गावाची सगळी लोकसंख्या एका खेळाला बसेल एवढं. टीव्ही आल्यावर ते चालेना आणि १९६० मध्ये पाडलं. बांधून पस्तीस वर्षंही झाली नव्हती. डेट्रॉईट शहरातल्या मिशिगन थिएटरचं तर हसावं का रडावं कळत नाही. ते पाडायला गेले तर शेजारची ऑफिसची इमारत धोक्यात येत होती, म्हणून पाडलं नाही, आतच गाड्यांचं पार्किंग केलं. वर नक्षीचं छत तसंच आहे आणि खाली गाड्या उभ्या. म्हणजे पुण्यात काय नि अमेरिकेत काय, थिएटर पडलं की गाड्या लागतात.

आता फॉक्स. अटलांटा शहरात १९२९ च्या नाताळला उघडलं. चार हजार सहाशेच्या वर खुर्च्या. बाहेरून मशिदीसारखे घुमट आणि मिनार, आत बसलं की अरबी वाड्याच्या उघड्या चौकात बसल्यासारखं, वर निळं आभाळ आणि त्यात लुकलुकणारे तारे. सगळं खोटं, छतावर केलेलं, पण लोक बघत राहायचे. एक गोष्ट लपवायला नको. त्या काळात काळ्या लोकांना तिथं वेगळ्या दारानं, वेगळ्या जिन्यानं वरच्या बाल्कनीत जावं लागायचं. १९६० च्या दशकात ते बंद झालं. महाल सगळ्यांचा होता असं नव्हतं. जपताना हेही सांगायला पाहिजे, आणि तिथं ते सांगतात.

१९७० नंतर धंदा बसला. टेलिफोन कंपनीला, सदर्न बेल तिचं नाव, मुख्य कार्यालयासाठी तीच जागा हवी होती. म्हणजे थिएटर पाडायचं. १९७४ मध्ये फॉक्सचं नाव देशाच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत गेलं होतं. पण तिथंही त्या यादीनं खासगी मालकाचे हात बांधले जात नाहीत. यादीत असूनही ते पाडता आलं असतं.

मग लोक उठले. सह्यांची मोहीम झाली, शाळेतल्या मुलांनी निधी गोळा केला, कलाकार मंडळी पाठीशी उभी राहिली. महापौरांनी पाडकामाच्या परवानगीला काही महिन्यांची स्थगिती दिली. इथपर्यंत आपल्याकडेही होतं. निवेदन, मोर्चा, स्थगिती, फोटो. पुढचं आपल्याकडे होत नाही. त्या काही महिन्यांत त्यांनी ना-नफा तत्त्वावरची एक संस्था काढली, बँकांकडून अठरा लाख डॉलरच्या घरात कर्ज उचललं आणि १९७५ मध्ये थिएटर विकत घेतलं. टेलिफोन कंपनीशीही भांडत बसले नाहीत. शेजारची जागा जुळवून दिली, कंपनीचा मनोरा फॉक्सच्या मागं उभा राहिला. दोघांचंही काम झालं.

आणि मग कर्ज फेडायला नुसत्या सिनेमावर बसले नाहीत. गाण्याचे जलसे, नाटकं, नृत्य, लग्नकार्यं, सगळं घेतलं. १९७८ पर्यंत कर्ज फिटलं. आजही ते चालू आहे आणि स्वतःच्या पायावर आहे.

माझ्यासारख्या शेतकऱ्याला यातलं कर्जफेडीचं प्रकरण सगळ्यात भारी वाटलं, खरं सांगतो.

मग आपल्या टॉकीजचं काय?

आपली टॉकीज महाल नाही. वर पत्रा, आत लोखंडी सांगाड्याच्या खुर्च्या, पुढं थर्डला लाकडी बाकडी. पण गावाकडच्या माणसाला ती महालच होती. जय संतोषी माँ लागला तेव्हा बाया बाहेर चपला काढून आत जायच्या, पडद्यापुढं नारळ फोडायच्या, असं आई सांगायची. माहेरची साडीला ट्रॅक्टर भरून बायका आल्या ते मी स्वतः पाहिलंय, आमच्याच ट्रॉलीत बसून आलो होतो. मागच्या रांगेत लेडीज वेगळं, मधे पडदा.

मालकांच्या मुलानं मला वरची मशीनची खोली दाखवली. जिना लोखंडी आणि बाहेरून. मी विचारलं असा का? पूर्वीची फिल्म फार लवकर पेट घ्यायची, त्यामुळे मशीनची खोली जाड भिंतीची, वेगळी आणि तिच्या खिडक्यांना लोखंडी झडपा, असा नियम होता. नंतर न पेटणारी फिल्म आली, पण बांधकामाची रीत तीच राहिली. खोलीत कार्बन जाळून उजेड पाडायचं जुनं मशीन होतं. होतं म्हणजे आता फक्त त्याचा पाया आहे. मधे कधीतरी भंगारात गेलं. साधारण २०१२-१३ च्या सुमारास रिळं बंद होऊन सगळं डिजिटल झालं. नवीन यंत्रणा भाड्यानं घ्यायची, वीजबिल, परवाना, माणसांचे पगार, आणि खेळाला पंधरा-वीस माणसं. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला. राज्यातली थिएटरं ऑक्टोबर २०२१ मध्ये परत उघडली तेव्हा आपली उघडली नाही.

त्यात मालकांची आणखी एक जुनी तक्रार आहे. थिएटरच्या जागेवर दुसरं काही बांधायचं तर त्यात छोटं का होईना थिएटर ठेवावं, ही जुनी अट. राज्यभरचे एक पडदावाले मालक ती काढा म्हणतात. चालत नाही ते परत बांधायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र ही अट अगदी वाईट वाटत नाही. दीडशे खुर्च्यांचा एक हॉल तालुक्याला मिळाला तर पोरांची गॅदरिंग तरी कुठंतरी होतील. आज ती लग्नाच्या मांडवात होतात.

मालकांच्या मुलापुढं मी फॉक्सची गोष्ट मांडली. ते हसले. म्हणाले, "अठरा लाख डॉलर राहू द्या, इथल्या व्यापारी लोकांनी नुसतं वर्षाचं भाडं जमवून दाखवलं तरी मी गाळ्याचा विषय पुढं ढकलतो." हे त्यांनी मला नाव न छापायच्या अटीवर सांगितलं, पण शब्द त्यांचेच आहेत. आत नाटक, व्याख्यानमाला, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका, लग्नसराईत कार्यालय, काय चालेल ते लोकांनी सांगावं, असंही म्हणाले. छताचे पत्रे बदलायला लागतील, वायरिंग नवीन लागेल. भिंती मात्र दगडी आहेत, मजबूत आहेत. इंजिनिअरला दाखवून खर्चाचा अंदाज काढायला त्यांची हरकत नाही.

यादीचा विषयही करता येईल. नगरपंचायतीला लेखी अर्ज द्यायचा की शहरातल्या जुन्या वास्तूंची यादी करा. फक्त टॉकीज नको, जुनी वेस, दगडी शाळा, बारव, हे सगळं त्यात घाला. पण अर्ज मालकाला विचारून द्या. त्यांच्या पाठीमागं दिलात तर दुसऱ्या दिवशी जेसीबी खरोखरच पुढच्या भिंतीला लागेल.

आणि हे काही जमलं नाही, पडलीच टॉकीज, तर निदान नोंद तरी राहावी. बुकिंगच्या खिडकीची जाळी, दर्शनी भागावरची सिमेंटची अक्षरं, मशीनची खोली, यांचे नीट फोटो आणि मापं घेऊन ठेवायला पाहिजेत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. ते फिल्मबरोबर जुनी पोस्टरं, पुस्तिका, फोटोही जमा करतात. आपल्या टॉकीजच्या माळ्यावर पोस्टरांचा एक गठ्ठा मी बघितला, अर्धा उंदरांनी खाल्लाय, अर्धा चांगला आहे. तो रद्दीत घालू नका, एवढं मी मालकांना हात जोडून सांगून आलोय आणि त्यांनी मान्य केलंय.

टॉकीजचे जुने ऑपरेटर मामा अजून वेशीजवळ राहतात. ऐकायला कमी येतं, पण कुठला पिक्चर किती आठवडे चालला ते तोंडपाठ आहे. त्यांचं बोलणं मी परवा मोबाईलवर रेकॉर्ड केलं, दीड तास. अजून बरंच बाकी आहे. कोणाच्या घरी टॉकीजचे जुने फोटो, तिकिटं, पाट्या, रिक्षातून वाटलेली पत्रकं असतील तर रविवारी बाजाराच्या दिवशी सकाळी दहा वाजता टॉकीजच्या आवारात घेऊन या. मालक दार उघडून देणार आहेत. व्यापारी मंडळींपैकी दोघांनी यायचं कबूल केलंय, भाड्याचं काय करायचं ते तिथंच बोलू.